स्कॅनमध्ये न दिसणारी दुखापत

डोक्यावरची जखम भरून येते. टाके निघतात, खोक झाकण्यापुरते केस वाढतात आणि रुग्णालयातून परतलेले घरातील ज्येष्ठ पुन्हा आपल्या नेहमीच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले दिसू लागतात. भेटीला येणारे 'मोठ्या संकटातून वाचलात' असे म्हणतात आणि ते खरेही असते. तीन-चार आठवड्यांनी मात्र घरच्यांच्या लक्षात काही निराळेच येऊ लागते. वर्तमानपत्राचे एकच पान तासभर समोर असते. चहा घेऊन अर्धा तास होत नाही तोच 'आज चहा मिळणार आहे की नाही?' अशी विचारणा होते. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारी व्यक्ती वाणसामानाच्या यादीपुढे अडते; कधी आवाज न चढवणारा माणूस नातवंडांच्या गलक्याने एकाएकी भडकतो. डॉक्टरांना विचारावे तर सी.टी. स्कॅन 'नॉर्मल' असतो. मग घरात दबक्या आवाजात निदान सुरू होते : वय झाले, हट्टी झाले, मुद्दाम करतात.

वाचकहो, या घरगुती निदानावर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी एका शास्त्राची ओळख करून घेणे हिताचे ठरेल. अपघात, पडणे, पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव किंवा संसर्ग यांमुळे मेंदूला इजा झाल्यानंतर माणसाचे लक्ष, स्मरण, भाषा, नियोजन आणि स्वभाव यांत नेमका कोणता बदल झाला, हे पद्धतशीरपणे शोधणारे शास्त्र म्हणजे न्यूरोसायकॉलॉजी. मराठीत त्याला चेतामानसशास्त्र म्हणतात. काय बिघडले याच्या जोडीने काय शाबूत आहे, हेही ते तितक्याच काळजीने पाहते. आणि कुटुंबाच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा आहे.

स्कॅनला दोष देण्याचे कारण नाही. अपघातानंतर लगेच काढलेल्या सी.टी. स्कॅनचे काम असते रक्तस्राव, अस्थिभंग आणि सूज शोधण्याचे, आणि ते काम तो चोख करतो. त्या वेळच्या 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ इतकाच की, तातडीने शस्त्रक्रिया करावी असे काही आढळले नाही. परंतु मेंदू हा घट्ट लागलेल्या दह्याइतका मऊ अवयव कवटीतील द्रवात तरंगत असतो. डोके आपटले की तो आतल्या आत हेलकावतो. कपाळामागे आणि कानशिलांच्या आतील बाजूस कवटीचा तळ खडबडीत असतो. म्हणून मार डोक्याच्या मागे बसला तरी पुष्कळदा इजा मेंदूच्या पुढच्या भागाला आणि कानशिलामागच्या भागाला होते. शिवाय झटक्याने पिळवटल्यामुळे मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे अतिसूक्ष्म तंतू ताणले जातात, काही तुटतात. ते साध्या स्कॅनमध्ये दिसण्याइतके जाड नसतात. एम.आर.आय.मध्ये याहून अधिक दिसते. तरीही टेलिफोन केंद्राच्या इमारतीचे छायाचित्र पाहून फोन लागतो की नाही हे जसे सांगता येत नाही, तसेच मेंदूच्या चित्रावरून माणूस आपला दिवस सांभाळू शकेल की नाही, हे सांगता येत नाही.

आणखी एक शब्द फसवा आहे. ग्लासगो येथे १९७४ मध्ये तयार झालेल्या मोजपट्टीनुसार जखमी माणसाच्या शुद्धीला ३ ते १५ असे गुण देतात. १३ ते १५ गुण असतील तर इजा 'सौम्य' म्हणून नोंदली जाते. हा सौम्यपणा पहिल्या काही तासांतील शुद्धीपुरता असतो. सौम्य इजा झालेले बहुतेक लोक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात हे खरे. पण वय अधिक असेल, यापूर्वी डोक्याला मार बसलेला असेल किंवा विसराळूपणाची सुरुवात आधीच झालेली असेल, तर सावरण्यास वेळ लागतो आणि कधीकधी पूर्वीची पातळी गाठता येत नाही. केसपेपरवर 'सौम्य' लिहिले होते म्हणून रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही.

काका कोण, वडील कोण?

या शास्त्राचा मोठा भाग युद्धांनी घडवला, ही त्याच्या इतिहासातील एक खिन्न करणारी बाब आहे. बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे यांनी तरुण, निरोगी मेंदूंना ठरावीक जागी जखमा केल्या आणि त्या सैनिकांची शुश्रूषा करताना कोणत्या जागेची इजा काय हिरावून घेते, हे संशोधकांना कळत गेले. सोव्हिएत रशियातील अलेक्झांडर लुरिया हे त्यांतील थोर नाव. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी उरल पर्वतरांगेच्या परिसरात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसनाचे रुग्णालय चालवले. त्यांचा एक रुग्ण होता झासेत्स्की. १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोळी लागून त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा भाग जखमी झाला. जग त्याला तुकड्यातुकड्यांनी दिसू लागले, उजवीकडचे दिसेनासे झाले, शब्द सापडेनात, वाचता येईना.

लुरिया आपल्या रुग्णांना एक साधा वाटणारा प्रश्न विचारीत : 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांत फरक काय? आपल्याला उत्तर सुचण्यास क्षणही लागत नाही. पहिले काका, दुसरे स्वतःचे वडील. झासेत्स्कीला 'वडील' हा शब्द कळत होता, 'भाऊ'ही कळत होता. त्या दोघांना जोडणारे नाते मात्र मनात उभे राहत नव्हते. बोलता येणे, शब्द समजणे आणि शब्दांमधील संबंध समजणे या तीन निरनिराळ्या क्षमता आहेत, हे अशा प्रश्नांतून उघड होते. घरात 'औषध घेण्याआधी जेवून घ्या' असे सांगितल्यावर जर कोणी आधी औषध घेतले, तर त्यांनी ऐकले नाही असे आपण म्हणतो. कदाचित त्यांनी ऐकले असेल, 'औषध' आणि 'जेवण' हे शब्दही समजले असतील, आणि 'आधी' या एका शब्दाने घात केला असेल. 'पहिले जेवण. मग औषध.' अशी दोन छोटी वाक्ये केली की तोच माणूस बिनचूक वागतो.

झासेत्स्कीच्या कहाणीचा उत्तरार्ध तर शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्याजोगा आहे. एकेक अक्षर आठवून लिहिणे त्याला अशक्यप्राय होते. परंतु लेखणी न उचलता, अक्षराचा विचार न करता, शब्द एका दमात लिहून काढला तर हात आपोआप चाले, असे आढळून आले. लिहिण्याची जुनी सवय मेंदूच्या न दुखावलेल्या भागात टिकून होती. त्या एका शिल्लक धाग्याला धरून त्याने सुमारे पंचवीस वर्षे आपल्या आयुष्याची हकिकत लिहिली. तिची सुमारे ३००० पाने झाली. गंमत आणि दुःख असे की, आपण लिहिलेले त्याला नीट वाचता येत नसे.

स्मरणाविषयीची आपली समजूत बदलणारी घटना अमेरिकेत घडली. हेन्री मोलेसन या तरुणाला फिट येत. त्या थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बव्हंशी काढण्यात आला. फिट कमी झाल्या; पण त्यानंतर भेटलेला माणूस, वाचलेले पान, नुकतेच झालेले जेवण यांपैकी काहीच त्याच्या ध्यानात राहिनासे झाले. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, बालपण लख्ख आठवते, आणि पाच मिनिटांपूर्वीचे कोरे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम कोणालाही सुरुवातीला जमत नाही. तीन दिवसांच्या सरावाने त्याचा हात सफाईने चालू लागला. मात्र हे काम आपण पूर्वी केल्याचे त्याला दर वेळी आठवत नसे. म्हणजे 'काय घडले' याची आठवण आणि 'कसे करावे' याची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहते. म्हणूनच, सकाळी गोळी घेतली की नाही हे ज्यांना आठवत नाही, अशा आजींनाही गोळ्यांची खणाखणांची डबी रोज देवासमोर दिवा लावल्यावर उघडण्याची सवय लावता येते. सवय रुजण्यास आठवडे लागतात, जागा आणि वेळ बदलून चालत नाही. पण ती रुजते.

तपासणीच्या खोलीत

'मानसशास्त्रज्ञांकडे जायचे आहे' असे म्हटले की अनेक ज्येष्ठ दुखावतात. 'मी वेडा झालो का?' हा प्रश्न येतोच. त्यांना सांगावे की डोळ्यांचा नंबर काढतात तसा लक्ष आणि स्मरण यांचा नंबर काढायचा आहे. तपासणी प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. सविस्तर तपासणीस दोन ते चार तास लागतात. थकवा हा मेंदूच्या इजेचा जुना सोबती असल्याने ज्येष्ठांची तपासणी दोन बैठकींत वाटून घेणे उत्तम, आणि बैठक सकाळची असावी.

सुरुवात गप्पांनी होते : शिक्षण किती, नोकरी काय केली, कोणत्या हाताने लिहिता, घरात कोणते काम तुमचे. त्यानंतर शक्यतो घरच्यांशी स्वतंत्रपणे बोलणे होते. मग चाचण्या. आकडे ऐकून त्याच क्रमाने आणि नंतर उलट क्रमाने म्हणायचे. यातून लक्ष आणि मनात माहिती धरून ठेवण्याची क्षमता कळते. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही युक्ती मनाला लगाम घालण्याची शक्ती मोजते. सवयीने तोंडी येणारे उत्तर आवरणे ज्याला जड जाते, त्याला घरात तोंडावर येणारा राग आवरणेही जड जात असते.

स्मरणाच्या चाचणीत पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील ते शब्द सांगायला लावतात. मध्ये दुसरी यादी देतात आणि वीस-तीस मिनिटांनी पहिली पुन्हा विचारतात. शेवटी बरेच शब्द वाचून 'यातला कोणता यादीत होता?' असे विचारतात. या शेवटच्या पायरीत फार मोठी गोष्ट दडलेली असते. समजा, एखाद्या व्यक्तीला आपणहून चारच शब्द आठवले, पण समोर ठेवल्यावर चौदा ओळखता आले. तर माहिती आत गेलेली आहे, ती बाहेर काढणे अडते आहे. अशा माणसाला थोडीशी खूण, पहिले अक्षर, भिंतीवरची चिठ्ठी पुरते. ज्याला समोर ठेवूनही ओळखता येत नाही, त्याच्या बाबतीत माहिती आत शिरलेलीच नाही. त्याला 'आठवा बरं, आठवा' असे म्हणत राहणे हे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडण्यासारखे आहे. बाहेरून दोघेही सारखेच 'विसराळू' दिसतात.

घड्याळ काढण्याची चाचणीही अशीच बोलकी असते. वर्तुळ काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा. दहा मिनिटांसाठी मोठा काटा दोनवर न्यावा लागतो. परंतु मेंदूच्या पुढच्या भागाला इजा असेल तर 'दहा' हा शब्द ऐकताच काटा सरळ दहावर जातो. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा असेल तर सगळे आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्यात गर्दी करतात आणि डावा अर्धा भाग मोकळा राहतो, कारण त्या माणसाच्या लेखी डावीकडचे जग उरलेलेच नसते. दृष्टी ठीक असते. लक्ष तिकडे वळत नाही. घरी याचा पुरावा ताटात मिळतो. भाजी, आमटी, पोळी संपते आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते. 'आता यांना कोशिंबीर आवडेनाशी झाली' असा समज होतो. ताट अर्धे फिरवून पाहावे.

किती उत्तरे चुकली यापेक्षा कशी चुकली, हे कुशल तपासनीस बारकाईने टिपतो. तोच तो शब्द पुन्हा आला का, चूक स्वतःच्या ध्यानात आली का, ध्यानात येऊन सुधारली का? आणि एक विनंती : सोबत गेलेल्या नातलगांनी मागून उत्तरे सुचवू नयेत. प्रेमापोटी दिलेल्या त्या सूचनेने सगळा निष्कर्ष बिघडतो.

चाचणी माणसाला शोभणारी हवी

बहुतेक चाचण्या पाश्चात्त्य देशांत, शाळा-कॉलेजात शिकलेल्या माणसांसाठी तयार झाल्या. शंभरातून सात वजा करीत जाण्याचा प्रश्न शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींना घातला तर त्या अडणारच. मात्र पाचशेची नोट देऊन घेतलेल्या भाजीचे उरलेले पैसे त्या क्षणात सांगतील. अमेरिकेत १९७५ मध्ये आलेल्या सुप्रसिद्ध तीस गुणांच्या छोट्या चाचणीबाबत हीच अडचण आली. तेव्हा हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर ग्रामस्थांना डोळ्यांपुढे ठेवून तिचे हिंदी रूप घडवण्यात आले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २००४ मध्ये प्रौढांसाठी जो चाचणीसंच प्रसिद्ध केला, त्यात वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार भारतीय माणसांचे वेगवेगळे निकष दिलेले आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा : तपासणी ज्या भाषेत आपले ज्येष्ठ घरी बोलतात त्याच भाषेत व्हावी. मराठीतून इंग्रजीत आणि पुन्हा मराठीत असे भाषांतर करीत उत्तरे दिली, तर मोजला जातो तो भाषांतराचा वेग. अंक आणि इंग्रजी अक्षरे आळीपाळीने जोडण्याच्या चाचणीऐवजी रंगांवर आधारलेली चाचणी मागता येते. चष्मा आणि श्रवणयंत्र न विसरता न्यावे. ऐकू न आलेला शब्द हा विसरलेला शब्द म्हणून मांडला गेला तर तो अन्याय होईल. गुणांची तुलनाही त्या माणसाच्या पूर्वायुष्याशी व्हायला हवी. बँकेतून निवृत्त झालेल्या हिशेबनिसाला मिळालेले 'सर्वसाधारण' गुण ही त्याच्यासाठी मोठी घसरण असू शकते, आणि अल्पशिक्षित शेतकऱ्याचे कमी गुण हा आजार नसू शकतो.

दहा मिनिटांची छोटी चाचणी ही केवळ चाळणी आहे, हेही ध्यानात असावे. नियोजन, संयम आणि पुढाकार यांतील दोष तिच्या जाळीतून सहज निसटतात. सविस्तर चाचण्यांनाही मर्यादा आहे. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांविषयी लिहिले. टेबलावरच्या पुष्कळ चाचण्यांत हे तिघे उत्तम होते. त्यांना बाजाराच्या रस्त्यावर काही वस्तू आणण्याची आणि थोडी माहिती मिळवण्याची साधी कामे दिली, तेव्हा त्यांचा गोंधळ उडाला. शांत खोलीत तपासनीसच पुढचे पाऊल सांगत असतो. बाजारात ते स्वतः ठरवावे लागते. म्हणून घरच्यांनी पंधरा दिवस ठेवलेली टिपणवही मला कोणत्याही चाचणीच्या तोडीची वाटते. 'विसरतात' असे मोघम न लिहिता 'मंगळवारी दूध तापत ठेवून बागेत गेले, वास आल्यावरही उठले नाहीत' असे लिहावे.

ज्येष्ठांच्या बाबतीत अधिक सावधगिरी

वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो. त्यामुळे मेंदू आणि त्याच्यावरील आवरण यांमधील बारीक शिरा ताणलेल्या राहतात आणि न्हाणीघरात घसरणे, दाराची चौकट लागणे अशा किरकोळ माराने त्यांतून रक्त झिरपू लागते. ते हळूहळू साचते. दोन ते सहा आठवड्यांनी, म्हणजे पडल्याचे सर्वजण विसरून गेल्यावर, माणूस सुस्तावतो, चालताना झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. 'म्हातारपणाचा विसराळूपणा' म्हणून या अवस्थेकडे दुर्लक्ष झाले तर ती जिवावर बेतू शकते. वेळीच स्कॅन झाला तर कवटीला लहान छिद्र पाडून साचलेले रक्त काढता येते आणि अनेक जण पूर्ववत होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हा धोका अधिक. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पण लहानसाही मार लागला तरी डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, जागे करूनही न जागणे, एका बाजूचा अशक्तपणा, अडखळते बोलणे, फिट किंवा एकाएकी उडालेला गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर मानसशास्त्रज्ञाची वेळ घेत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

चाचणीत दिसणारी प्रत्येक घसरण इजेमुळेच झालेली असते असेही नाही. झोपेच्या गोळ्या, रक्तातील सोडियम कमी होणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, लघवीचा संसर्ग आणि विशेषतः नैराश्य हे सगळे स्मरण आणि लक्ष मंदावतात, आणि यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत. त्यांची तपासणी आधी किंवा बरोबरीने व्हावी. स्मरणशक्ती वाढवण्याची हमी देणाऱ्या बाटल्यांवर खर्च करण्यापूर्वी तर नक्कीच व्हावी.

सविस्तर तपासणीची घाई करू नये. इजेनंतरच्या पहिल्या दिवसांत माणूस जागा असला तरी नवीन आठवणी साठत नसतात. हा गोंधळ ओसरल्याशिवाय काढलेले गुण निरुपयोगी. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते आणि पुढेही, मंद गतीने, चालू राहते. त्यामुळे तीनेक महिन्यांनी एकदा आणि सहा महिने ते वर्षाच्या अंतराने पुन्हा एकदा, असे दोन अहवाल असले तर दिशा कळते. मधल्या काळात घरी परीक्षा घेऊ नये. पाहुण्यांसमोर 'सांगा बघू, हा कोण? आज वार कोणता? पंतप्रधान कोण?' असे विचारणे हा अनेक घरांतील नित्याचा कार्यक्रम असतो. त्यातून निदान होत नाही. एका वडीलधाऱ्या माणसाचा अपमान मात्र होतो, आणि ही आठवण बहुधा टिकते.

अहवाल हाती आल्यावर

अहवालाचा खरा उपयोग घरातील शब्द बदलण्यात आहे. 'आळशी' या शब्दाच्या जागी 'सुरुवात करण्याची शक्ती दुखावली आहे' असे आले की वागणेही बदलते : अंघोळीला जा म्हणून दहा वेळा ओरडण्यापेक्षा हाती पंचा देऊन दोन पावले सोबत चालले की पुढचे ते स्वतः करतात. 'खोटे बोलतात' याच्या जागी येते 'स्मरणातील रिकामी जागा मेंदू नकळत भरून काढतो'. काल आपण गावी गेलो होतो असे सांगणारा माणूस फसवत नसतो, त्याला तसे खरेच वाटत असते. आणि 'मला काहीही झालेले नाही' हा हट्ट तर इजेचाच भाग असू शकतो. आपल्यातील दोष जाणणारी यंत्रणाच जखमी झाली, तर दोष दिसणार कोणाला? तिथे वाद घालून कोणी जिंकत नाही. लक्ष विखुरणाऱ्यांशी बोलताना टीव्ही बंद करावा, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे.

काही निर्णय मात्र गोडीने टाळता येत नाहीत. लक्ष किंवा निर्णयाचा वेग मंदावला असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत दुचाकी-चारचाकीची किल्ली हाताशी ठेवू नये. फोनवर ओटीपी मागणारा भामटा अशाच माणसाच्या शोधात असतो. खात्यातून एका वेळी किती रक्कम काढता यावी याची मर्यादा बँकेत ठरवून घ्यावी. मात्र चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून माणूस आपल्या पैशांबाबत किंवा मृत्युपत्राबाबत निर्णय घेण्यास नालायक ठरत नाही. निर्णयक्षमता त्या-त्या निर्णयापुरती पाहावी लागते. घराची विक्री न समजणाऱ्या माणसाला आपण कोणाजवळ राहावे, हे नेमके ठाऊक असू शकते. वडिलांचा अहवाल मिळवण्याची घाई एखाद्या मुलाला जमिनीच्या कागदांसाठी झालेली असते, हेही घडते. म्हणून तपासणीला कशासाठी आलो, हे रुग्णाला त्याच्या समोर, त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

तपासणी झाल्यावर निष्कर्ष समजावून देण्यासाठी वेगळी वेळ मागावी आणि रुग्णालाही त्या भेटीला न्यावे. तीन प्रश्न आवर्जून विचारावेत : यांचे सर्वांत भक्कम काय आहे, त्याचा आधार घेऊन घरात कोणते काम त्यांच्याकडे सोपवता येईल, आणि कोणत्या कामात सोबत लागेल? देवपूजा, फुलांचा हार, नातवंडांना जुन्या गोष्टी सांगणे, वाटाणे सोलणे यांपैकी जे हाताला आणि जिभेला पूर्वीपासून ठाऊक आहे, ते बहुधा टिकलेले असते. अहवालाची संपूर्ण प्रत, प्रत्येक चाचणीचे नाव आणि गुणांच्या आकड्यांसह, मागून घ्यावी आणि फाइलमध्ये जपून ठेवावी. 'स्मरणात सौम्य दोष' एवढ्या एका ओळीवरून वर्षभराने तुलना करता येत नाही. आकडे असतील तर पुढच्या गावातील, पुढच्या तज्ज्ञालाही करता येते.